ताटातले रसायन

इस्पितळात रोग्याच्या खाटेशी पूर्वी दोनच माणसे येत, डॉक्टर आणि परिचारिका. पथ्यपाण्याचे काय ते डॉक्टर जाता जाता सांगत. तेल-तिखट बंद, मीठ कमी, ताक चालेल. बाकीचे घरातली वडीलधारी बाई ठरवी. गेल्या काही दशकांत तिथे तिसरे माणूस येऊ लागले. त्याच्या हातात छापील तक्ता असतो. सकाळी अमुक, दुपारी दोन फुलके आणि वाटीभर वरण, रात्री आठच्या आत जेवण. ही आहारतज्ज्ञ. बहुधा ती स्त्रीच असते. विज्ञानाची पदवी, त्यावर पदव्युत्तर शिक्षण, इस्पितळातली उमेदवारी आणि शेवटी नोंदणीची परीक्षा, एवढे सगळे पार पाडून ती त्या खाटेशी पोचलेली असते. तिची पाठ वळली की रोग्याची बायको तो तक्ता उशीखाली सरकवते आणि घरून आणलेला डबा उघडते.

तक्ता आणि डबा यांच्यातले हे भांडण नवे नाही. या व्यवसायाच्या जन्मापासून ते चालत आले आहे. माणसाने काय खावे हे ठरवणे ही शिकून, परीक्षा देऊन, दाखला मिळवून करण्याची गोष्ट आहे, असे ज्यांनी प्रथम ठामपणे मांडले, त्यांत एका अमेरिकन बाईंचे नाव फार वरचे आहे. एलन स्वॉलो रिचर्ड्स. दैवाचा खेळ असा, की इतर स्त्रियांच्या हाती दाखला पडावा म्हणून या बाईंनी जन्म घालवला आणि त्यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांच्या संस्थेने शेवटपर्यंत हात आखडता घेतला.

एलनचा जन्म ३ डिसेंबर १८४२ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल या खेड्यातला. आईवडील दोघांनीही मास्तरकी केलेली, आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. पुढे तिला चांगली शाळा मिळावी म्हणून कुटुंब १८५९ मध्ये वेस्टफर्ड गावी आले आणि वडिलांनी तिथे दुकान टाकले. एलन शाळेतून आली की दुकानात बसायची. माल मोजून द्यायचा, हिशेब लिहायचा, घाऊक खरेदीसाठी शहरात जायचे. आईची प्रकृती तोळामासा, त्यामुळे घरची चूलही तिच्याकडेच. संसारी बायका काय विकत घेतात, कशाला भुलतात, कुठे फसतात, हे तिने पुस्तकात वाचण्याआधी गल्ल्यामागून पाहिले. पुढे ती जे शास्त्र उभारणार होती, त्याची पहिली शाळा हे दुकानच म्हणायला हवे.

मुलींनी कॉलेजात जावे अशी सोय तेव्हा अमेरिकेतही फारशी नव्हती. न्यूयॉर्क राज्यात व्हॅसार कॉलेज १८६५ मध्ये उघडले, तेव्हा एलन बाविशी ओलांडलेली होती. शिकवण्या केल्या, दुसऱ्यांच्या घरची कामे केली, पै पै साठवून ३०० डॉलर जमवले आणि १८६८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ती व्हॅसारला दाखल झाली. तिथे मारिया मिचेल ही धूमकेतू शोधणारी ज्योतिर्विद तिला शिकवायला होती. आकाशाची ओढ एलनलाही लागली, पण शेवटी तिने निवडले रसायनशास्त्र. रोजच्या जगण्याला त्याचा उपयोग होईल, असा तिचा हिशेब होता. १८७० मध्ये पदवी हाती आली.

आता पुढे काय? तिने रासायनिक पृथक्करण करणाऱ्या व्यावसायिकांना उमेदवारीसाठी पत्रे घातली. नकार आले. त्यातल्याच एकाने सुचवले, की बॉस्टनमध्ये निघालेल्या नव्या तंत्रशिक्षण संस्थेत विचारून पाहा. ही संस्था म्हणजे आजची जगप्रसिद्ध एम.आय.टी. तिथे तोवर एकही मुलगी शिकलेली नव्हती. संस्थेने बराच खल केला आणि १८७० च्या डिसेंबरात एलनला विशेष विद्यार्थिनी म्हणून घेतले. फी माफ. तिला वाटले, आपली गरिबी पाहून ही सवलत दिली. खरी मेख पुढे कळली. उद्या कोणी आक्षेप घेतलाच तर ही बाई आमच्या पटावर नाहीच, असे अध्यक्षांना म्हणता यावे म्हणून फी घेतली नव्हती. हे आधी कळले असते तर आपण पाऊलच ठेवले नसते, असे तिने नंतर नमूद करून ठेवले आहे.

त्या पुरुषांच्या जगात ती कशी टिकली, याचा तपशील वाचण्यासारखा आहे. प्राध्यापकांचे सुटे कागद ती शिवून द्यायची, कोणाच्या दुखऱ्या बोटाला चिंधी बांधायची, टेबले पुसायची. बायकी समजल्या जाणाऱ्या कामांनी तिने आपल्याविषयीची धास्ती घालवली आणि त्याच वेळी प्रयोगशाळेत सर्वांच्या पुढे गेली. शिकत असतानाच, १८७१ मध्ये, वडील रेल्वेच्या अपघातात गेले. आईची जबाबदारी अंगावर आली. तरी १८७३ मध्ये ती एम.आय.टी.ची पहिली स्त्री पदवीधर झाली, आणि त्याच वर्षी लोहखनिजातल्या व्हॅनेडियमवरच्या प्रबंधासाठी व्हॅसारने तिला एम.ए. दिली. पुढची पायरी डॉक्टरेटची. ती मिळाली नाही. संस्थेच्या रसायनशास्त्रातली पहिली डॉक्टरेट बाईला द्यायची तयारी नव्हती, असेच त्याचे कारण सांगितले जाते. त्याच देशात तेरा वर्षांनी, १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, पण त्या खास स्त्रियांसाठी काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून. एलनपुढे असे वेगळे दार नव्हते. जे होते ते पुरुषांचेच, आणि तेही अर्धवट उघडलेले.

१८७५ मध्ये तिने खनिकर्माचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी लग्न केले. मधुचंद्राला नवराबायको नोव्हा स्कोशियाच्या खाणी पाहायला गेले आणि सोबत रॉबर्टचा विद्यार्थ्यांचा वर्ग होता. असा जोडीदार मिळाला म्हणून पुढचे सारे घडले. रिचर्ड्सबाईंनी पाठीमागे येणाऱ्या मुलींसाठी लगेच वाट पाडायला घेतली. १८७६ मध्ये बॉस्टनच्या एका स्त्री-शिक्षण मंडळाच्या पैशातून एम.आय.टी.त स्त्रियांची प्रयोगशाळा सुरू झाली. बाई तिथे बिनपगारी शिकवत, वर दरसाल स्वतःचे सुमारे १,००० डॉलर तीत घालत. १८८३ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली. तिची गरज संपली होती, मुलींना संस्थेत रीतसर प्रवेश मिळू लागला होता. आपली संस्था बंद पडल्याचा आनंद व्हावा, असे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. १८८४ मध्ये त्यांना आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या निदेशकाची जागा मिळाली. त्या जागेवर त्यांनी सत्तावीस वर्षे काढली. प्राध्यापक हे पद त्यांना कधीच मिळाले नाही.

अन्नाकडे त्या वळल्या त्या पाण्यावाटे. राज्याच्या आरोग्य मंडळासाठी १८८७ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या नद्या, तळी, विहिरी यांच्या पाण्याचे हजारो नमुने त्यांच्या देखरेखीखाली तपासले गेले. कुठल्या भागातल्या स्वच्छ पाण्यात क्लोरीन किती असते, याचा नकाशाच त्यांनी तयार केला. त्याहून जास्त आढळले की समजावे, सांडपाणी कुठून तरी मिसळते आहे. वाणसामानातली भेसळही त्यांनी प्रयोगशाळेत आणली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. स्वयंपाक आणि स्वच्छतेच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे गृहिणींसाठीचे पुस्तक १८८२ मधले. त्याच सुमारास त्या घरबसल्या शिकणाऱ्या स्त्रियांच्या एका मंडळाचा विज्ञान विभाग पत्राद्वारे चालवीत होत्या. दूरदूरच्या बायका खडकांविषयी, वनस्पतींविषयी विचारता विचारता स्वतःच्या थकव्याविषयी आणि दुखण्यांविषयीही लिहू लागल्या. या बायका नीट खात नाहीत, नीट झोपत नाहीत, आणि त्यांना कोणी काही सांगत नाही, हे बाईंना त्या पत्रांतून दिसले. स्वतःचे जमेका प्लेनमधले घर तर त्यांनी प्रयोगशाळाच करून टाकले होते. धूळ धरणारे जाड गालिचे काढले, हवा खेळती केली, गॅसवर स्वयंपाक आणला, खर्चाची पैन् पै लिहिली.

मग आला १८९० चा जानेवारी महिना. बॉस्टन हे शहर मराठी वाचकाला परके नाही. पंडिता रमाबाईंच्या कार्याला मदत म्हणून रमाबाई असोसिएशन स्थापन झाली ती तिथेच, १८८७ मध्ये. त्याच शहरात प्लेझंट स्ट्रीटवर रिचर्ड्सबाई आणि मेरी हिनमन एबल या दोघींनी न्यू इंग्लंड किचन या नावाची सार्वजनिक पाकशाळा उघडली. पैसा पॉलिन अगासी शॉ या दानशूर बाईंचा. कष्टकरी कुटुंबांनी घरी डबा न्यावा, पैसे वाचावेत, पोषण मिळावे आणि स्वयंपाक होताना पाहून चार गोष्टी शिकाव्यात, अशी कल्पना. एडवर्ड ॲटकिन्सन या गृहस्थांनी तयार केलेली, रॉकेलच्या दिव्यावर चालणारी पेटीसारखी भट्टी तिथे होती. तीत अन्न तासन् तास मंद शिजे. गोमांसाचे सूप, वाटाण्याचे सूप, मक्याच्या पिठाची लापशी असे मोजके पदार्थ. प्रत्येकाची कृती पुन्हा पुन्हा करून पक्की केलेली आणि पृथक्करण करून तपासलेली. आजचे सूप कालच्यापेक्षा पातळ निघणार नाही, याची हमी. हे सूप डॉक्टर आपल्या रोग्यांसाठी मागवू लागले. औषधासारखे ठरलेल्या ताकदीचे अन्न, ही त्या काळात अगदी नवी गोष्ट होती.

रोग्यांनी सूप प्यायले, पण ज्यांच्यासाठी पाकशाळा काढली ते गरीब आलेच नाहीत. आयर्लंड, इटली, पूर्व युरोप इथून आलेल्या माणसांना न्यू इंग्लंडचे ते सौम्य, बिनमसाल्याचे अन्न घशाखाली उतरेना. शिकागोत हल हाऊस या सेवासंस्थेने हाच प्रयोग केला. तिथली एक कार्यकर्ती खास रिचर्ड्सबाईंकडे शिकून आली होती. तिथेही तेच झाले. संस्थेच्या संस्थापिका जेन ॲडम्स यांनी आपल्या आठवणींत एका शेजारणीविषयी लिहिले आहे. अन्न पौष्टिक आहे हे ती मोकळ्या मनाने मान्य करी, पण आपल्याला जे खावेसे वाटते तेच खायला आवडते, असे तिचे सरळ म्हणणे होते. ॲडम्सबाईंना पुढे, १९३१ मध्ये, शांततेचे नोबेल मिळाले. आहारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर घालावे असे हे वाक्य मात्र त्या शेजारणीचे आहे.

गरिबांना कळत नाही, असे तेव्हाच्या शहाण्यांनी यावर म्हटले. पण इथे इतिहासाने एक सूक्ष्म सूड घेतला. त्या काळचे आहारशास्त्र प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्टमय पदार्थ आणि उष्मांक एवढेच जाणत होते. विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने अन्नाच्या घटकांचे तक्ते तयार केले होते आणि एका सेंटला किती पोषण, असा व्यापारी हिशेब त्यातून निघे. या हिशेबात पालेभाज्या आणि फळे म्हणजे नुसते पाणी, गरिबाने त्यांवर पैसे उधळू नयेत, असा निष्कर्ष येई. इटलीहून आलेली बाई हिरव्या भाजीला पैसे मोजते याचे सुधारकांना वाईट वाटे. व्हिटॅमिन हे नाव कासिमिर फुंक यांनी दिले ते १९१२ मध्ये, रिचर्ड्सबाईंच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी. मग कळले, की तक्त्याला जे ठाऊक नव्हते ते त्या अडाणी बाईच्या टोपलीत होते. बाईंचा प्रामाणिकपणा इथे उणा पडत नाही. त्या काळी जेवढे माहीत होते तेवढे त्यांनी अचूक मोजले. उणे होते ते एवढेच, की खाणाऱ्यालाही काही कळत असेल, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती.

तरीही या पराभवातूनच आजचा व्यवसाय जन्मला, हे मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. प्रौढ माणसाचे ताट बदलता येत नसेल, तर जिथे अन्न सामुदायिक शिजते तिथे जावे, आणि ते शिजवून घेणारी शिकलेली माणसे तयार करावीत, असे त्यांनी ठरवले. १८९३ मध्ये, ज्या शिकागो शहरात त्याच वर्षी विवेकानंद बोलले, तिथल्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड्सबाईंनी रम्फर्ड किचन मांडले. हजारो लोक जेवून गेले. टेबलावरच्या कार्डावर त्या जेवणात कुठला घटक किती आणि उष्मांक किती, हे छापलेले होते. आज बिस्किटाच्या पुड्यावर आपण जो चौकोन वाचतो, त्याचा हा पूर्वज. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या हायस्कुलांना न्यू इंग्लंड किचनमधून दुपारचे जेवण जाऊ लागले. शाळेतल्या मुलांनी गरिबांप्रमाणे ते नाकारले नाही.

आता हवी होती विद्येला मान्यता. १८९९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड इथे अकरा माणसे जमली. यजमान होते ग्रंथालयांच्या दशांश पद्धतीचे जनक मेल्व्हिल ड्यूई. अध्यक्षस्थानी रिचर्ड्सबाई. या विद्येला काय म्हणावे इथपासून चर्चा झाली आणि होम इकॉनॉमिक्स हे नाव ठरले. डाएटिशियन म्हणजे नेमकी कोण, याचीही व्याख्या त्याच सुमारास या परिषदेत झाली. अन्नाचे विशेष ज्ञान असलेली आणि वैद्यकाला पथ्याच्या कामी लागेल ती मदत करू शकणारी व्यक्ती. म्हणजे स्वयंपाकघराची मुकादम नव्हे, डॉक्टरची जोडीदार. दहा वर्षे दरसाल परिषदा भरल्या. अभ्यासक्रम, शिक्षकांची तयारी, पदव्या यांचा काथ्याकूट झाला. त्यातून अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन उभी राहिली आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष अर्थातच त्या झाल्या.

या साऱ्यावर एक आक्षेप पुढच्या पिढीतल्या स्त्रियांनी घेतला आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. प्रयोगशाळेचे मोठे दार बंद, म्हणून बाईंनी स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले, आणि मग कित्येक हुशार रसायनशास्त्रज्ञ मुलींना तुमचे विज्ञान तिकडे, म्हणत त्याच दाराने पाठवले गेले. खरे आहे. पण त्या मागच्या दाराने पगार मिळाला, जागा मिळाली, विद्यापीठात विभाग मिळाले, हेही खरे आहे. पटावर नसलेल्या विद्यार्थिनीने हजारो मुलींची नावे पटावर घातली.

१९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना सन्मान म्हणून डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी, अडुसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराने त्या गेल्या. सहा वर्षांनी, महायुद्धाच्या धामधुमीत, लेना कूपर आणि लूलू ग्रेव्हज यांच्या पुढाकाराने क्लीव्हलंड शहरात आहारतज्ज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. १९६९ पासून तिथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही उपाधी सुरू झाली. आज ती हवी असेल तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, देखरेखीखाली किमान १,००० तासांचे प्रत्यक्ष काम आणि परीक्षा हे टप्पे आहेत. १ जानेवारी २०२४ पासून तर पदव्युत्तर पदवीशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. आजच्या या नियमांनी पाहिले तर खुद्द रिचर्ड्सबाई अपात्र ठरतील.

आपल्याकडे ही विद्या वेगळ्या वाटांनी आली. अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती टोकिओच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये पुण्यात त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या टोकिओच्या विद्यापीठाचे संस्थापक जिंझो नारुसे हे १८९० नंतरची काही वर्षे शिकायला होते मॅसॅच्युसेट्समध्येच, आणि १९०१ मध्ये विद्यापीठ उघडले तेव्हापासून तिथे गृहशास्त्राचा विभाग होता. कर्व्यांच्या अभ्यासक्रमातही गृहशास्त्र आणि आरोग्य यांना पहिल्यापासून मानाचे पान मिळाले. पुढे १९३२ मध्ये दिल्लीत लेडी अर्विन कॉलेज निघाले, १९६३ मध्ये इंडियन डाएटेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिची नोंदणी-परीक्षा देऊन आपल्या मुली आज आहारतज्ज्ञ होतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य-व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले. त्याची गरजही होती. आठ दिवसांचा वर्ग करून पोषणतज्ज्ञ अशी पाटी लावणाऱ्यांचा आणि डबाबंद भुकट्या विकणाऱ्यांचा सुळसुळाट आपण सारे पाहतोच आहोत. अशा बाजारात दाखला ही चैन राहत नाही, तो रोग्याचा कैवार असतो.

माझी नोकरी बँकेत गेली. तिथे एक गोष्ट अंगी मुरते. धनादेशावर शिक्का कितीही मोठा असो, खातेदाराची सही जुळल्याशिवाय तो वटत नाही. आहाराच्या तक्त्याचेही तसेच आहे. पदवीचा, परीक्षेचा, नोंदणीचा शिक्का त्यावर हवाच. पण ज्याने तो घास खायचा, त्याची खूणही त्यावर उमटावी लागते. सोलापूरच्या ज्वारीवर वाढलेल्या म्हाताऱ्याला ओट्सचा वाडगा आणि रत्नागिरीच्या मासे-भात खाणाऱ्या बाईला उकडलेली ब्रोकोली लिहून देणारी आहारतज्ज्ञ प्लेझंट स्ट्रीटच्याच पाकशाळेत उभी आहे, तिला एवढेच, की ते ठाऊक नाही. उलट, उशीखालचा तक्ता काढून त्या डब्यात काय आहे हे आधी विचारणारी आणि त्यातल्याच भाकरीची, पिठल्याची, आमटीची मापे बांधून देणारी मुलगी जेव्हा भेटते, तेव्हा रिचर्ड्सबाईंचे अर्धे राहिलेले काम पुढे सरकते. अशा मुली आता आपल्या इस्पितळांत दिसू लागल्या आहेत. त्यांचे ऐकावे. त्या आपले ऐकतात म्हणून.